काचेमागचा साप आणि आपली नाडी



लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सापांचे दालन डोळ्यांसमोर आणा. एक गृहस्थ जाड काचेला जवळजवळ नाक लावून उभे आहेत. काचेपलीकडे पफ अ‍ॅडर नावाचा आफ्रिकेतील विषारी साप आहे. आपल्याकडच्या घोणशीच्याच कुळातला. गृहस्थांनी मनाशी पक्के ठरवले आहे, की साप अंगावर आला तरी जागचे हलायचे नाही. काच भक्कम आहे, साप आपल्याला शिवूही शकणार नाही, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. सापाने झडप घातली मात्र, आणि गृहस्थ एकदम एक-दोन यार्ड मागे उडाले! निश्चय जागच्या जागी राहिला आणि पाय आपले मागे गेले.

हे गृहस्थ म्हणजे चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडून जगभर गाजलेला हा शास्त्रज्ञ. ही फजिती त्याने स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. माणसाच्या व प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर आणि शरीरावर कशा उमटतात, या विषयावरचा त्याचा हा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. तो प्रसंग त्याने गाळला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण त्याच्या दृष्टीने ती फजिती हे एक निरीक्षण होते. पूर्वी कधीही न अनुभवलेल्या धोक्याच्या नुसत्या कल्पनेपुढे आपली बुद्धी आणि इच्छाशक्ती लुळी पडली, अशी नोंद त्याने केली.

आता तुमचा साप कोणता ते पाहू. वर्गात बाई अचानक नाव घेऊन फळ्यापाशी बोलावतात. चाचणीचा पेपर परत मिळतो आणि वरचा आकडा दिसतो. किंवा मोबाइलवर मित्रांच्या गटात कोणीतरी तुमची टर उडवलेली असते, आणि पुढे वीस जणांनी हसण्याच्या खुणा टाकलेल्या असतात. यांतले काहीही चावत नाही. तरी शरीर मागे उडी मारल्यासारखेच वागते. हे असे का होते?

याचे अर्धे उत्तर आपल्या बोलण्यातच सापडते. भीती वाटली की तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो, अंगावर काटा उभा राहतो, छातीत धडधडते. हे नुसते वाक्प्रचार नाहीत बरे का! शरीरशास्त्राच्या पुस्तकात ‘भयाची लक्षणे’ या मथळ्याखाली हीच यादी छापली तरी एकही शब्द बदलावा लागणार नाही. कोरड पडते, कारण लाळग्रंथींचे काम मंदावते. हात गार पडतात, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. काटा येतो, कारण प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आवळला जातो. मांजर पाठ फुगवते तेव्हा हेच होत असते. आपल्या अंगावर तेवढे केस उरलेले नाहीत, म्हणून नुसताच काटा दिसतो.

पोटातल्या गोळ्याची हकिकत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर एक-दोन वर्षांतच अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करणारा वॉल्टर कॅनन हा तरुण या किरणांनी प्राण्यांचे पचन पाहू लागला. तो मांजराच्या अन्नात बिस्मथचा क्षार मिसळी. त्यातून क्ष-किरण आरपार जात नाहीत, त्यामुळे पडद्यावर जठराची छाया दिसे आणि जठराच्या भिंतीवरून एकामागून एक लाटा सरकताना दिसत. काही वेळा या लाटा मध्येच थांबत. कॅननला प्रथम उलगडा होईना. मग त्याच्या लक्षात आले, की मांजर चिडले, घाबरले किंवा सुटण्यासाठी धडपडू लागले की जठर थांबते. त्याला थोपटून शांत केले की काम पुन्हा सुरू होते. कॅनन पाहायला बसला होता पचन, पण ते त्याच्या कामात सारखे अडथळे आणणाऱ्या भावनांकडे त्याचे लक्ष वळले, आणि पुढची कित्येक वर्षे त्याने त्यांचाच अभ्यास केला.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. भीती किंवा संताप यांच्या वेळी त्या अ‍ॅड्रेनॅलीन नावाचा अंतःस्राव रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय जोराने धावते, श्वासनलिका रुंदावतात आणि यकृतात साठवलेली साखर रक्तात उतरते. कॅननने याचा अर्थ असा लावला, की शरीर एक तर झुंजण्याची किंवा पळण्याची तयारी करत असते. दोन्हींना इंधन लागते. पचन नंतर केले तरी चालेल.

१९१३ च्या हंगामातील हार्वर्डच्या सर्वांत चुरशीच्या शेवटच्या फुटबॉल सामन्यानंतर संघातील २५ खेळाडूंची लघवी तपासण्यात आली. त्यांपैकी १२ जणांच्या लघवीत साखर आढळली. गंमत पुढेच आहे. या बारांपैकी पाच जण राखीव खेळाडू होते. ते सामनाभर बाकावर बसून होते! त्यांनी चेंडूला हातसुद्धा लावला नव्हता. तरीही त्यांच्या शरीराने सगळा दारूगोळा बाहेर काढला होता.

फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या किंवा मोबाइलकडे पाहत बसलेल्या मुलाची अवस्था या राखीव खेळाडूसारखी असते. तयारी सगळी होते, पण पळायचे कोठे आणि झुंजायचे कोणाशी? म्हणून मग अंगठा पडद्यावर धावतो आणि दहा सेकंदांत एक जहरी उत्तर रवाना होते. रक्तातले अ‍ॅड्रेनॅलीन खरे तर काही मिनिटांतच ओसरू लागते. पाठवलेला मजकूर मात्र ओसरत नाही.

आता थोडे प्रत्यक्ष काम करू. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली हलकेच ठेवा. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्याची स्वतःचीही नाडी उडत असते आणि मोजणीत घोटाळा होतो. पाच मिनिटे शांत बसल्यानंतर ३० सेकंदांतील ठोके मोजा आणि त्यांना दोनने गुणा. हा तुमचा विश्रांतीचा आकडा. साधारणपणे तो ६० ते १०० यांच्या दरम्यान येईल. आता नाडीवर बोट तसेच ठेवून सावकाश चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. श्वास जबरदस्तीने कोंडू नका. आठ-दहा श्वासांनंतर लक्ष देऊन पाहा: श्वास घेताना ठोके किंचित लवकर लवकर पडतात आणि सोडताना किंचित लांबतात. तुमच्या वयात हा फरक मोठ्या माणसांपेक्षा जास्त स्पष्ट असतो. पहिल्या प्रयत्नात तो जाणवला नाही तर वैतागू नका, पुन्हा करून पाहा.

हा फरक हृदयाच्या ब्रेकमुळे पडतो. हृदयाला स्वतःची गती आहे. त्याच्याकडे येणारे सारे मज्जातंतू बाजूला ठेवले तर ते मिनिटाला सुमारे शंभर ठोके देईल. आपण निवांत असतो तेव्हा व्हेगस नावाचे मज्जातंतू, मेंदूच्या तळापासून निघून छाती-पोटात उतरणारे, त्याला आवरून धरतात, म्हणून आकडा सत्तर-ऐंशीवर राहतो. श्वास घेताना हा ब्रेक जरा सैल होतो आणि सोडताना लागतो. ब्रेक कसा लागतो हे ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवरील प्रयोगाने दाखवले. एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित करून त्याची गती मंद केली आणि त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा दुसरेही मंदावले. म्हणजे मज्जातंतूच्या टोकाशी एखादे रसायन सुटत असले पाहिजे. हा प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये लोवी यांना हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा ‘मन शांत ठेव’ असे कोणी म्हटले की करायचे काय, याला एक नेमके उत्तर आहे. हृदयाला थेट हुकूम देता येत नाही. श्वासाला देता येतो, आणि श्वास सावकाश सोडला की ब्रेक आपोआप लागतो. संतुलन म्हणजे नाडी कायम ७२ वर ठेवणे असे मात्र समजू नका. बस पकडताना नाडी वाढलीच पाहिजे. वाढलेली नाडी काम झाल्यावर खाली येते की नाही, एवढेच पाहायचे. शरीरातील परिस्थिती अशा रीतीने सावरून धरण्याच्या गुणाला कॅननने १९२६ मध्ये एक नाव दिले. आपल्याकडे त्याला समस्थिती म्हणतात.

आता चेहऱ्याकडे वळू. भावना दिसू न देणे म्हणजे ती आवरणे, असे पुष्कळांना वाटते. या बाबतीत डार्विनच्या ग्रंथात आपल्या महाराष्ट्राचा एक उल्लेख आहे. जगभरातील लोकांच्या चेहऱ्यावर भावना सारख्याच उमटतात का, हे पाहण्यासाठी त्याने १८६७ मध्ये १६ प्रश्नांची छापील यादी निरनिराळ्या देशांत पाठवली. आश्चर्य वाटल्यावर डोळे व तोंड उघडतात का, शरमेने चेहरा लाल होतो का, असे ते प्रश्न होते. नुसत्या आठवणीवर विसंबू नका, डोळ्यांनी पाहिलेलेच लिहा, असेही त्याने बजावले होते. त्याला ३६ उत्तरे आली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून जे. स्कॉट यांनी भरपूर तपशील कळवला. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, राहणाऱ्या एच. अर्स्किन यांनी मात्र अडचण कळवली. तेथील लोक युरोपियनांसमोर आपल्या भावना नेहमीच लपवतात, त्यामुळे खात्रीचा निष्कर्ष काढणे अवघड जाते!

अर्स्किन यांनी प्रामाणिकपणे कळवले, हे चांगलेच. पण जरा त्या शेतकऱ्यांच्या बाजूने विचार करा. साहेबासमोर राग दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून चेहरा पाटीसारखा कोरा ठेवायचा. आत काय चालले होते? ते कोणी मोजले नाही. पण १९९७ मध्ये ग्रॉस आणि लेव्हेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी असाच एक प्रयोग केला. काही तरुणींना दुःखद आणि विनोदी चित्रफिती दाखवल्या. काहींना सांगितले, की तुमच्याकडे पाहणाऱ्याला तुमच्या भावना कळता कामा नयेत. त्या मुलींचे चेहरे कोरे राहिले, पण दुःखद चित्रफीत पाहताना त्यांना दुःख काही कमी झाले नाही. उलट हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्यावरील ताण वाढलेला आढळला. सुतकी चेहऱ्याने बसलेला शांत मुलगा खरोखर शांत असतोच असे नाही, हे शिक्षकांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग राग बाहेर काढून टाकावा का? उशीवर बुक्के मारा, दार आपटा, म्हणजे मन मोकळे होते, असा सल्ला सर्रास दिला जातो. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवर त्याची परीक्षा घेतली. आधी प्रत्येकाच्या निबंधावर मुद्दाम झोंबणारा शेरा मारला. मग काहींना शेरा मारणाऱ्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पोत्यावर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितले आणि काहींना नुसतेच बसवून ठेवले. सर्वांत जास्त संतापलेले कोण निघाले? शत्रूचा विचार करत ठोसे मारणारे! पुढे संधी दिल्यावर सर्वांत कमी आक्रमक ठरले, ते काहीही न करता बसलेले. कारण उघड आहे. आठवण उगाळली की साप पुन्हा काचेवर झडप घालतो आणि अ‍ॅड्रेनॅलीन पुन्हा सुटते.

दाबायचेही नाही आणि आदळआपटही करायची नाही, तर उरले काय? उरले शब्द.

येथे कॅननचे आणखी एक निरीक्षण उपयोगी पडते. भीती असो वा संताप, शरीरातील पुष्कळसे बदल सारखेच असतात. त्यामुळे छातीत धडधडतेय एवढ्यावरून आपल्याला नेमके काय झाले आहे ते कळत नाही. पुष्कळदा आपण ज्याला राग म्हणतो ती लाज असते, किंवा मित्र दुरावेल याची भीती असते. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रे घेत असताना लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या चेहऱ्यावरील भावनेला योग्य शब्द निवडायला सांगितले, तेव्हा मेंदूतील अमिग्डला हा धोक्याची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग कमी प्रमाणात उत्तेजित झाला. चेहऱ्याला नुसते राम-शाम असे नाव निवडायला सांगितले, तेव्हा तेवढा फरक पडला नाही.

लिहून काढल्याने काय होते? १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींनी क्षुल्लक विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातील क्लेशकारक प्रसंग आणि त्या वेळच्या भावना लिहिल्या. दुसऱ्या गटाला लिहून उठल्यावर लगेच बरे वाटले नाही; उलट ते अधिक खिन्न झाले. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांना विद्यापीठाच्या दवाखान्यात तुलनेने कमी वेळा जावे लागले. यानंतर असे प्रयोग पुष्कळ झाले. २००६ मध्ये १४६ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा फायदा होतो, पण तो लहानसा असतो, असे दिसले.

आणि आता तुमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. परीक्षेआधी दहा मिनिटे आपली भीती कागदावर उतरवली तर घाबरट विद्यार्थ्यांचे गुण वाढतात, असे २०११ मध्ये ‘सायन्स’ या विख्यात नियतकालिकात छापून आले. जगभर त्याचा बोलबाला झाला. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने नामांकित नियतकालिकांत आलेले असे २१ प्रयोग पुन्हा करून पाहिले. १३ टिकले, ८ टिकले नाहीत. परीक्षेचा प्रयोग त्या आठांत होता. तेव्हा लिहून पाहायला हरकत नाही, त्यात तोटा नाही. पण त्याच्या भरवशावर उजळणी चुकवू नका.

काही जण म्हणतील, मग शास्त्रज्ञांवर विश्वास तरी कसा ठेवायचा? माझे मत उलट आहे. आपल्याच क्षेत्रातील नावाजलेले निष्कर्ष पुन्हा तपासून ‘हे टिकत नाही’ असे जाहीरपणे सांगायला धीर लागतो. नम्रता म्हणजे मान खाली घालून ‘मला काहीच येत नाही’ म्हणणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. डार्विनची नम्रता वेगळ्या जातीची होती. त्याने आत्मचरित्रात आपली एक जुनी सवय सांगितली आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात आली किंवा सुचली, की तो ती ताबडतोब टिपून ठेवी. कारण सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात आणि गैरसोयीच्या झटकन विसरतात, हे त्याने स्वतःवरून ताडले होते.

ही सवय भांडणालाही लावता येते. एक वही घ्या. पंधरा दिवस, जेव्हा जेव्हा राग, भीती किंवा लाज यांनी छाती धडधडेल, तेव्हा प्रथम नाडी मोजा आणि आकडा लिहा. मग एका ओळीत प्रसंग लिहा: प्रत्यक्ष काय घडले तेवढेच, त्याबद्दलचे आपले मत नको. त्यापुढे भावनेला नाव द्या. ‘वाईट वाटले’ एवढ्यावर भागवू नका. अपमान वाटला, मत्सर वाटला, एकटे वाटले, ओशाळे वाटले, हिरमोड झाला: आपल्या भाषेत शब्दांना तोटा नाही. शेवटच्या रकान्यात समोरच्याच्या बाजूची एक तरी गोष्ट लिहा, ती विसरण्यापूर्वी. दहा मिनिटांनी नाडी पुन्हा मोजा. मोबाइलवर उत्तर द्यायचे असेल तर ते या दुसऱ्या मोजणीनंतर द्या.

वही कोणाला दाखवण्याची सक्ती नाही. मात्र पंधरा दिवसांच्या नोंदीत रोज एकच दुःख येत असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, तर ते काम वहीचे नाही. घरातल्या मोठ्या माणसाला, विश्वासातल्या शिक्षकांना किंवा डॉक्टरांना सांगा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते.

प्रयोगाला आरंभ करायला सोपा प्रसंग निवडा. चाचणीचे पेपर परत मिळण्याचा तास चांगला. बाई गठ्ठा घेऊन वर्गात आल्या की एक मोजणी, आणि आपला पेपर हातात पडल्यावर दुसरी. शेजारच्या मित्रालाही मोजायला सांगा. ज्याने उत्तम पेपर लिहिला आहे त्याची नाडी किती भरते, हा आकडा मुद्दाम टिपून ठेवा.